बाहेरचं आणि आतलं

कांगस नवराबायकोच्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, दोन राज्यं होती. दाराच्या आतलं सगळं हेल्मीचं आणि बाहेरचं सगळं आर्विडचं. ही वाटणी कुणी कागदावर केली नव्हती, पण तेवीस हिवाळे ती पाळली गेली होती, आणि एवढी वर्षं कुठल्याही दोन देशांनी आपली सीमा इतक्या गुण्यागोविंदाने पाळल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

आतलं म्हणजे स्वयंपाक, पांघरुणं, खिडक्यांच्या काचांवर आतून धरलेलं पाणी पुसणं, आणि सिंकखालची कपाटं उघडी ठेवणं, म्हणजे हीटरची ऊब नळापर्यंत पोचते. बाहेरचं म्हणजे गॅसच्या टाक्या, विजेची वायर, पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप आणि बर्फ. बर्फ तर इतका की तो एकटाच एका माणसाला पुरून उरावा. लेक सुपीरियरवरून वारा सुटला की कीवीनॉ भूशिराच्या त्या टोकाला दोन दिवसांत कमरेएवढा साचतो.

हॅनकॉकला स्वतःचं उबदार घर असताना दोन म्हाताऱ्यांनी जानेवारी ते मार्च एका पत्र्याच्या डब्यात जाऊन का राहायचं, असं हेल्मीची बहीण दरवर्षी विचारायची. आर्विडचं उत्तर ठरलेलं. "घरी बर्फ पडला की तो काढावा लागतो. इथे पडला की नुसता बघायचा." हे साफ खोटं होतं. घरी काढायचा त्याच्या दुप्पट बर्फ तो इथे काढायचा. चौतीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवलेला माणूस तो. हातात फावडं नसलं की त्याला चुकल्यासारखं व्हायचं.

तळ्याकाठच्या त्या कॅम्पात हिवाळ्यात नऊ-दहा गाड्या असत, आणि सगळे आर्विडला मास्तर म्हणत. कारण उघड होतं. कुणी नवखा आला की हा पहिल्याच दिवशी त्याचं दार ठोठावून त्याची शिकवणी घ्यायचा. त्यातला पहिला धडा सांडपाण्याच्या व्हॉल्व्हचा. उन्हाळ्यात लोक तो उघडाच ठेवतात, सिंकचं पाणी सरळ वाहून जातं. हिवाळ्यात तसं केलं की पाणी थेंबथेंब पाइपात उतरतं, उतरता उतरता गोठतं, थरावर थर चढतो, आणि आठवड्याभरात पाइपात मांडीएवढा बर्फाचा सोटा तयार होतो. मग हेअर ड्रायर घेऊन बर्फात पालथं पडायचं आणि स्वतःला शिव्या घालायच्या. म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी भरू द्यायची आणि मग सगळं पाणी एकदम सोडायचं. धावत्या पाण्याला गोठायला सवड मिळत नाही.

यंदा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हेल्मी पायपुसणं झटकायला बाहेर आली, तेव्हा तिला आर्विडचाच व्हॉल्व्ह उघडा दिसला.

तिने तो बंद केला आणि आत आली. एखाद्या दिवशी होतं, असं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उघडा होता. त्याच आठवड्यात गॅसची टाकी बदलून झाल्यावर नवीन टाकीची चावी उघडायची राहिली, आणि एकदा पाण्याचा पाइप गरम ठेवणाऱ्या वायरीचा प्लग निघून बर्फात लोळत होता. एकेक गोष्ट घेतली तर किरकोळ. सगळ्या मिळून काय होतात ते हेल्मीला कळत होतं. शरद ऋतूत डॉक्टरांची वेळ त्याने दोनदा घेतली होती आणि दोनदा टाळली होती. ग्रीन बेहून मुलगी दर रविवारी फोनवर विचारायची, "आई, बाबांचं कसं आहे?" आणि हेल्मी म्हणायची, "बाबांचं काय, मस्त चाललंय."

कारण खरं सांगितलं की पुढचं सगळं तिला दिसत होतं. आधी गाडीची किल्ली जाईल, मग ही आरव्ही विकली जाईल, मग घराच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायला मुलगी कुणी पोरगा ठेवेल, आणि आर्विड खिडकीत बसून त्या पोराचं चुकतंय कसं ते बघत राहील. बाहेरचं गेलं की त्याच्याकडे राहतंच काय? तिने मनाशी ठरवून टाकलं. हा एक हिवाळा त्याचा. मार्चअखेरपर्यंत त्याला काही कळू द्यायचं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी तो गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला गेला, की ती कोट चढवून त्याच्या राज्यात शिरायची. व्हॉल्व्ह, टाक्या, प्लग, हीटरच्या धुराचं तोंड. हे तोंड म्हणजे गाडीच्या मागच्या अंगाला गुडघ्याच्या उंचीवर असलेलं वाटीएवढं भोक. ते मोकळं आहे ना बघायचं, आणि परत आत. पन्नास वर्षं संसार केलेल्या नवऱ्याच्या मागे आपण चोरासारख्या फिरतोय याची तिला शरम वाटायची. पण त्या शरमेपायी ती एक दिवसही थांबली नाही.

एकदा ती व्हॉल्व्हपाशी गुडघे टेकून बसलेली असताना शेजारच्या गाडीतला गस बोद्री मागे येऊन उभा राहिला. हा गस जन्मभर लाकडाचे ट्रक चालवलेला, पोटाने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा.

"काय गं, कानातलं पडलं की काय?"

"हो."

"कानातलं कधीपासून घालायला लागलीस?"

हेल्मी उठली. व्हॉल्व्हचा दांडा अजून तिच्या हातात होता. गसने तो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"परवा मास्तरने मला विचारलं, इव्हॉन दिसत नाही ती कुठे म्हणून."

इव्हॉन म्हणजे गसची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. शवपेटीचं एक टोक आर्विडने धरलं होतं.

"मग तू काय म्हणालास?"

"दुकानात गेलीये म्हटलं. तासाभराने परत विचारलं. म्हटलं, अजून आली नाही, तिला दुकानात वेळ लागतो." तो बुटाने बर्फ उकरत राहिला. "लागायचाच तिला वेळ. ते काही खोटं नाही."

"गस, त्याला काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? पण तू हे किती दिवस करणार?"

"मार्च संपेपर्यंत."

"आणि मग?"

"मग बघू."

गसने मान हलवली आणि तो आपल्या गाडीकडे गेला. तिथून ओरडला, "कानातलं सापडलं की सांग हो!" तळ्यावर कुणी ऐकत असेल तर त्यानेही ऐकावं म्हणून.

फेब्रुवारीच्या मध्यावर दोन दिवस सलग बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं आणि थंडी अशी पडली की नाकातले केस कडक व्हावेत. अशा दिवशी गाडीच्या खालून वारा शिरतो आणि जमीन पायाला चावते. त्यावर आर्विडचा जुना उपाय होता. गाडीच्या चारही बाजूंनी बर्फाचा बांध घालायचा आणि फावड्याच्या पाठीने थापटून तो भिंतीसारखा पक्का करायचा. वारा बाहेर राहतो, ऊब आत राहते. सकाळी तो दोन तास राबला. आत भांडी घासताना हेल्मीला त्याची शीळ आणि फावड्याचे थपाथप आवाज ऐकू येत होते, आणि तिला फार बरं वाटलं. तो शीळ घालायचा तेव्हा तिला तो अजून तिशीतलाच वाटायचा.

तो आत आला तेव्हा गाल लाल झाले होते आणि भुवयांना बर्फ लागला होता. दोन कप कॉफी प्यायला, वेलदोड्याच्या पावाचे तीन तुकडे लोणी लावून खाल्ले.

"बघ, आता राजवाडा झाला. पंखा लावावा लागेल तुला."

"राजवाड्यात राणीला भांडी घासावी लागत नाहीत."

"राजा बाहेर फावडं मारतो, तिथे राणीने एवढं करायला काय झालं?" असं म्हणून त्याने टोपी चढवली, गळ आणि बादली उचलली आणि तळ्याकडे गेला.

हेल्मीने कोटाकडे हात नेला आणि मागे घेतला. दोन तास तो स्वतः तिथे उभा होता. आज त्याच्या मागे जाऊन काय बघायचं? तेवढी तरी लाज असावी माणसाला. शिवाय तिचं डोकं जड झालं होतं. हवा बदलली की व्हायचं तसं. ती जरा आडवी झाली.

अलार्म वाजला तेव्हा तो कुठेतरी लांब, दुसऱ्या कुणाच्या गाडीत वाजतोय असं तिला वाटलं. बंद का करत नाहीत हे लोक, म्हणून ती चिडलीही. मग कळलं की तो तिच्या डोक्यावर, तिच्याच छताला वाजतोय. आणि तो टोस्ट करपला की वाजतो तो नव्हता. दुसरा होता, ज्याला ना रंग ना वास अशा विषारी वायूचा. तिने उठायचं ठरवलं तर पाय तिचं ऐकेनात. ती गुडघ्यांवर रांगत दारापर्यंत गेली, कडी काढली आणि पायांत नुसते मोजे असताना बर्फात पडली.

बाहेरच्या हवेने छातीत सुया टोचल्या. त्या हवेतच ती भिंतीला धरून गाडीच्या मागच्या अंगाला गेली. धुराचं तोंड असायचं तिथे ते नव्हतं. तिथे पांढरी, गुळगुळीत, सुंदर थापटलेली भिंत होती. तिने हातांनी उकरायला सुरुवात केली. आतला बर्फ धुराने काळा झाला होता आणि वितळून परत गोठला होता.

अलार्म ऐकून गस धावत आला. त्याने आधी टाकीची चावी बंद केली, मग हेल्मीला उचलून आपल्या गाडीच्या पायरीवर ब्लँकेटात गुंडाळून बसवलं.

"श्वास घे. मोठा. अजून. बोल काहीतरी, मला कळू दे तू शुद्धीवर आहेस."

"त्याला सांगू नकोस," हेल्मी म्हणाली.

"अगं बाई, मरता मरता वाचलीस तू!"

"माहितीये. सांगू नकोस."

गसला अॅम्ब्युलन्स बोलवायची होती, तिने बोलवू दिली नाही. अर्ध्या तासात डोकं हलकं झालं. गस मधून मधून तिच्याकडे बघायचा आणि आपल्या घरच्या फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटायचा. ते बहुतेक प्रार्थनेतलं नसावं.

आर्विड आला तेव्हा त्याच्या बादलीत दोन मासे होते. गाडीची सगळी खिडक्या-दारं सताड उघडी, आणि बायको शेजारच्या पायरीवर.

"हे काय? तळं गरम करायचा विचार आहे का?"

"छतावरून बर्फ घसरला," हेल्मी म्हणाली. "धुराच्या तोंडावर पडला. अलार्म वाजला म्हणून दारं उघडली. आता सगळं ठीक आहे."

"हो ना," गस म्हणाला. "धप्पकन आवाज आला. मी ऐकला."

आर्विडने बादली खाली ठेवली आणि तो गाडीच्या मागे गेला. ती दोघं त्याच्या मागोमाग गेली. तो त्या उकरलेल्या भगदाडाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग हातमोजा काढून त्याने भगदाडाच्या कडेची भिंत चाचपली. तिथे फावड्याच्या पाठीच्या चौकोनी खुणा एकाला एक लागून उठल्या होत्या.

"छतावरचा बर्फ खाली येऊन स्वतःला थापटून घेतो का, गस?"

गसने नजर तळ्याकडे वळवली. आर्विड बायकोकडे वळला.

"हेल्मी, हे मी लिंपलं ना?"

तीन आठवडे तिने हा प्रश्न येऊ नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. आता तो आला होता, आणि त्याच्या डोळ्यांत बघून तिला खोटं बोलता येईना.

"हो."

त्याने मान डोलावली. वाहनांचा अपघात बघून ट्रकमधून उतरायचा तेव्हा तो अशीच मान डोलवायचा.

"तुझ्या बुटांचे ठसे मी रोज बघतो," तो म्हणाला. "व्हॉल्व्हपाशी जातात, टाक्यांपाशी जातात, इथे येतात. पहिल्यांदा राग आला. वाटलं, ही कोण माझ्या मागे बघणारी? मग म्हटलं, बघतेय ना, बरं आहे. आणि मग मी बघायचंच सोडलं."

"आज माझं डोकं दुखत होतं," हेल्मी म्हणाली. "आज मी नाही बघितलं."

"म्हणजे आज कुणीच बघितलं नाही."

"मी चुलीवर सूप ठेवलंय," असं म्हणून गस निघून गेला. त्याने चुलीवर काहीही ठेवलेलं नव्हतं.

आर्विड वाकला आणि त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. मोज्यांवर तिने गसचे अवाढव्य बूट घातले होते. तो तसाच बर्फात गुडघ्यांवर बसला आणि त्याने त्या बुटांच्या नाड्या एकेक करून घट्ट बांधल्या. बांधताना म्हणाला, "उद्यापासून बाहेरचं तुझं."

"आर्विड, मी फक्त बघत जाईन. तूच कर सगळं. मी नुसती—"

"ऐक. मी तुला मारता मारता राहिलो. एवढं मला आज कळतंय. उद्या ते लक्षात राहील की नाही ते मला माहीत नाही. म्हणून आजच सांगतो. बाहेरचं तुझं."

तेव्हा हेल्मी रडली. तीन आठवड्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. तो तसाच तिच्या पायाशी बसून राहिला आणि तिचं रडणं थांबेपर्यंत त्याने नाडी सोडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. त्याने तिला आपला कामाचा जाड कापसाचा सूट दिला, कानांवर येणारी टोपी दिली. बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. नाकापर्यंत मफलर गुंडाळला की हेल्मीचे नुसते डोळे दिसत आणि तेही गॉगलच्या आड. खिशात हात घालून तो मागे उभा राहायचा आणि सांगायचा, ती करायची. टाकी बदलल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावून गळती कशी बघायची. बांध कुठपर्यंत घालायचा आणि कुठे हातभर मोकळं सोडायचं. छतावरचा बर्फ काढताना उभं कुठे राहायचं. सांगताना त्याचं एक अक्षर चुकत नव्हतं. कुठल्या सालच्या थंडीत कुणाचा पाइप फुटला तेसुद्धा त्याला आठवत होतं.

"फावडं असं धरतात होय? सूप ढवळतेयस का?"

"तू सूप ढवळून दाखव आधी, मग बोल."

आणि खरंच तो दुपारी सूप ढवळायचा. पोळायचा, सांडायचा, पण ढवळायचा. रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा हेल्मीने तिला सगळं सांगितलं, अगदी सगळं. मुलगी रडली, मग डॉक्टरांची वेळ घेते म्हणाली, आणि हेल्मीने घे म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, इतके दिवस आपण उगाच भ्यायलो. बाहेरचं त्याच्या हातून गेलं, पण तोंडी तर राहिलं. अशाने दोन-चार हिवाळे सहज निघतील.

पाचव्या सकाळी वारा होता आणि बारीक बर्फ आडवा उडत होता. तिने टाक्या पाहिल्या, धुराचं तोंड पाहिलं आणि व्हॉल्व्हपाशी वाकली. तो मागून आला. त्याला आवडतं म्हणून, उत्तर पाठ असूनही तिने विचारलं, "हा उघडा ठेवला तर काय होईल?"

आर्विड हसला. वाकून तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"पहिलाच हिवाळा का तुमचा?"

तिला वाटलं, थट्टा करतोय. "हो," ती म्हणाली.

"वाटलंच. घाबरू नका, सगळे इथूनच शिकतात. कुठून आलात?"

"हॅनकॉकहून."

"अरे वा! आम्हीही हॅनकॉकचेच." त्याचा चेहरा उजळला, इतका निर्मळ की त्यात थट्टेचा लवलेशही नव्हता. "मग असं करा, हे झालं की आमच्याकडे या. ही बघा, हीच आमची गाडी. आमच्या हिने वेलदोड्याचा पाव केलाय. गावचं कुणी भेटलं की तिला फार बरं वाटेल. आतच आहे ती. बाहेर नाही येत कधी, बाहेरचं सगळं मी बघतो."

हेल्मीचा हात मफलरपर्यंत गेला. मफलर खाली ओढला असता तर कदाचित त्याने तिला ओळखलं असतं. कदाचित ओळखलं नसतं. तिने हात खाली घेतला, दांडा ओढून व्हॉल्व्ह घट्ट बंद केला आणि त्याला म्हणाली, "येईन ना. भेटायचंय मला त्यांना."